तासगावच्या बाजारातला बाभळीचा दांडा

कुऱ्हाडीला दांडा घालायचा तर तासगावच्या बाजारात बसणाऱ्या सुतारमामांकडनंच घ्या. तांबूस गाभ्याची बाभूळ, रेषा सरळ, गाठ नाही. नेढ्यात, म्हणजे कुऱ्हाडीच्या भोकात, पाचर ठोकली की हलायचं नाव नाही. दर मात्र चढाच! मामा म्हणाले, "लाकूडच मिळंना." खरंय. पूर्वी गाडीची चाकं, नांगर, कुळव, सगळं बाभळीचं असायचं. शेंगा शेळ्यांना, साल चामडं कमवायला, डिंक बाळंतिणीच्या लाडवात. ट्रॅक्टर आले, बांध कोरून द्राक्षबागा झाल्या, बाभळी सरपणात गेल्या. ओढ्याकाठी आता वेडी बाभूळ माजलीय, ती मूळची अमेरिका खंडातली. दांडा घेताना गाभ्याबाहेरचा पांढरा भाग दिसला तर तासून मागा, कीड तिथंच लागते. मामा कुरकुरतात, पण देतात.