आठ महिने स्वस्त सुपरमार्केटचा किराणा: काय डोळे झाकून घ्यावं, काय निवडून घ्यावं

निकाल आधीच सांगून टाकतो. स्वस्त सुपरमार्केटच्या मालात भेसळ, कचरा असं काही सर्रास निघत नाही. खरी अडचण अशी की माल दर महिन्याला सारखा नसतो. जूनमध्ये आणलेली तूरडाळ तीन शिट्ट्यांत मिळून येते आणि त्याच नावाच्या, त्याच रंगाच्या पाकिटातली ऑगस्टची डाळ पाच शिट्ट्यांनंतरही कण्या राखते. महाग पाकिटाचे जास्तीचे पैसे बरेचदा या सारखेपणाचे असतात. तो सारखेपणा कुठल्या जिनसाला लागतो आणि कुठल्याला लागत नाही, एवढंच बघायचं.

तुलना चार माणसांच्या घरातली. एकच जिन्नस तीन ठिकाणचा: सुपरमार्केटचं स्वतःचं पाकीट, नावाजलेल्या कंपनीचं पाकीट आणि वाण्याकडचा सुटा माल. पाणी तेच, कुकर तोच, मापं तीच. दुकानांची नावं मुद्दाम देत नाही, लॉट (एका वेळी भरलेला माल) बदलला की त्याच दुकानाबद्दलचं मत बदलतं.

साखर, मीठ, रिफाइंड तेल यांत जास्तीचा एक रुपयाही घालवू नये. पाकिटातली साखर आणि वाण्याच्या पोत्यातली साखर एकाच प्रकारच्या कारखान्यांतून येते. एस-३० म्हणजे बारीक दाणा, एम-३० म्हणजे त्याहून जाड. वजनाला वजन गोडी तीच, बारीक लवकर विरघळते इतकंच. आयोडीनयुक्त मिठात ग्राहकाच्या हातात पडताना किमान १५ पीपीएम (दहा लाख भागांत १५ भाग) आयोडीन असावं लागतं, मग पाकीट कितीचंही असो. स्वस्त मीठ पावसाळ्यात लवकर पाझरतं, तेवढ्यासाठी बरणीत तांदळाचे दहा-बारा दाणे टाकले की भागतं. रिफाइंड करताना तेलाचा वास, रंग, चव काढूनच टाकलेली असते, त्यामुळे दोन कंपन्यांच्या सूर्यफूल तेलात फोडणीला फरक कळत नाही.

तेलात फसगत होते ती मापात. १ लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. शेजारी त्याच उंचीची ८५० किंवा ८७० ग्रॅमची पिशवी ठेवलेली असते आणि ती पाच-सात रुपयांनी स्वस्त दिसते. लिटरची पिशवी १५० रुपयांना असेल तर ८५० ग्रॅमची १४० च्या खाली मिळाली तरच स्वस्त. पाकिटावर आता ग्रॅममागे किंवा किलोमागे किती पैसे पडतात ते छापलेलं असतं. अक्षर मुंगीएवढं, पण वाचायचं तेच. पुढच्या बाजूला ‘ब्लेंडेड’ असं आहे का तेही बघावं. मिश्र तेलात प्रत्येक तेल किमान २० टक्के असावं लागतं, मोठ्या अक्षरात मात्र महागड्या तेलाचं नाव आणि चित्र असतं.

‘एमआरपीवर ४० टक्के सूट’ याला डाळी-कडधान्यांत काडीचाही अर्थ नाही. डाळीच्या पाकिटावर २६० छापून १५० ला विकतात, आणि तीच डाळ वाण्याकडे १५५ ला सुटी असते. सूट छापील किमतीवर मोजू नये, वाण्याच्या त्या दिवशीच्या भावावर मोजावी. ५ किलोचं पाकीट १ किलोपेक्षा किलोमागे स्वस्तच असेल हेही गृहीत धरू नये. आठ महिन्यांत चार-पाच वेळा उलटं निघालं.

आता तूरडाळ, कारण सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. पाकीट फोडल्यावर पाव किलो डाळ स्टीलच्या ताटात पसरायची आणि ताट ट्यूबलाइटखाली न्यायचं. पहिल्यांदा रंग बघायचा. सगळी डाळ एका छटेची आहे, की काही दाणे लिंबासारखे फिके आणि काही गडद पिवळे? आपल्याकडे तूर म्यानमारहून येते, तिला बाजारात लेमन तूर म्हणतात. मोझांबिक, टांझानिया, मलावीहूनही येते. विदर्भ-मराठवाड्याची आहेच. प्रत्येक तुरीची शिजण्याची वेळ वेगळी. या एकत्र आल्या की अर्धी डाळ गळून जाते, अर्धी कणी धरून बसते आणि आपण कुकरला बोल लावतो. मग दोन बोटांत थोडी डाळ चोळायची. बोटं ओशट झाली तर तेलाचं पॉलिश आहे. पीठ लागलं आणि कडा खरबरीत वाटल्या तर बिनपॉलिशची. वाणी जिला ‘फटका’ म्हणतो ती स्वच्छ, मोठ्या दाण्याची डाळ किलोला दहा-वीस रुपये जास्त घेते, पण तिच्यात निवडायला काही उरत नाही. सुपरमार्केटच्या पाकिटात खडे जवळपास नसतातच, तिथे यंत्रं चांगली आहेत. सालीची फाक, आकसलेले काळपट दाणे आणि चुरा मात्र असतो.

शिजवून बघायची रीत अशी: १०० ग्रॅम डाळ, ३०० मिली पाणी, अर्धा तास भिजवण, हळद, चार थेंब तेल, मध्यम आचेवर ३ शिट्ट्या आणि वाफ आपोआप जाऊ द्यायची. रवी चार वेळा फिरवल्यावर वरण एकजीव झालं तर लॉट चांगला. पाणी वर आणि डाळ खाली राहिली तर डाळ जुनी किंवा मिसळीची. दमट, गरम गोदामात वर्षभर पडलेली डाळ कितीही शिजवली तरी तिच्यात एक ताठपणा राहतोच. पण दुकानाला दोष देण्याआधी घरचं पाणी तपासावं. बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियममुळेही डाळ शिजत नाही. उकळून गार केलेल्या किंवा फिल्टरच्या पाण्यात तीच डाळ लावून बघितली की दोष कुणाचा ते कळतं. आणि चिंच, आमसूल, टोमॅटो हे सगळं डाळ शिजल्यावरच.

आठ महिन्यांत सुपरमार्केटच्या स्वतःच्या पाकिटाची डाळ आठपैकी पाच वेळा वाण्याच्या फटक्याच्या तोडीची निघाली, तीन वेळा वरणाला नको झाली. त्या तीन वेळची डाळ पुरणाला तर अजिबात चालली नसती, पण आमटीत, मिश्र डाळीच्या डोशात खपून गेली. मूगडाळ, मसूर, उडीद यांत एवढा चढउतार दिसला नाही. हरभराडाळही ठीक.

बेसनाचा हिशेब मात्र साधा आहे. बेसन म्हणजे हरभराडाळीचं पीठ. दळण्याचा खर्च आणि घट धरली तर ते डाळीपेक्षा महागच पडायला हवं. शेल्फवर बेसन डाळीपेक्षा स्वस्त दिसलं की पाकीट उलटं करून घटक वाचावेत. डिसेंबर २०२३ पासून ऑक्टोबर २०२५ पर्यंत पिवळा वाटाणा बिनशुल्क आयात होत होता आणि वाटाण्याचं पीठ हरभऱ्याच्या पिठापेक्षा स्वस्त पडतं, म्हणून ते त्यात मिसळलं जातं. नुसत्या ‘बेसन’ नावाने असं मिश्रण विकता येत नाही, म्हणून नाव थोडं फिरवलेलं असतं. भजी तळून निघतात, पण पिठल्याला एक कच्चट वास राहतो आणि लाडवाचं बेसन भाजताना तो खमंगपणा येतच नाही. लाडवाला डाळ आणून गिरणीतून जाडसर दळून आणावी. इथे पैसे वाचवायला जाऊ नये, तूप त्याहून महाग आहे.

तांदळात नावावर विश्वास ठेवू नये. वाडा कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पालघर जिल्ह्यातल्या वाडा भागातला तो बारीक, झिनी तांदूळ. बाराही महिने, गावोगावच्या शेल्फवर ढिगाने आणि साध्या कोलमच्या भावात मिळतो तो तोच असण्याची शक्यता कमी. पाकिटातला कोलम म्हणून वाईट नसतो, फक्त वाडा कोलमचे पैसे देऊ नयेत. स्वस्त कोलममध्ये बहुधा नवा तांदूळ येतो. नव्याला वाटीला पावणेदोन वाट्या पाणी पुरतं. जुन्याच्या सवयीने सव्वादोन घातलं की भात गिच्च होतो आणि तांदूळ बदनाम होतो. चाळणीने कणी काढून बघावी. किलोमागे मूठभर निघाली तर ती उपम्याला किंवा खिरीला बाजूला ठेवावी, फुकट नाही जात. इंद्रायणी मात्र बेलाशक सुपरमार्केटमधून घ्यावा. आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून आलेली ही जात मुळातच आसट भाताची, थोडी कणी असली तरी ताटात दिसत नाही. वास हवा असेल तर पॅकिंगची तारीख ताजी बघायची, कारण इंद्रायणीचा सुगंध ठेवणीत उडतो. कोलम जुना बरा, इंद्रायणी नवा, आणि पाकिटावर दोन्हींची तारीख त्याच कोपऱ्यात असते.

साबुदाण्यात स्वस्त आणि महाग यांतला फरक भिजवल्यावरच कळतो. एक वाटी साबुदाणा दोन पाण्यांनी धुवायचा. पहिलं पाणी दुधासारखं पांढरं आणि दुसरंही तसंच निघालं तर भुकटी जास्त आहे, तिसऱ्यांदा धुवा. मग दाण्याच्या वर जेमतेम येईल इतकंच पाणी ठेवून ५-६ तास झाकायचं. चांगला दाणा दोन बोटांत दाबला की लोण्यासारखा चेपतो, मध्ये खडा लागत नाही आणि मूठ उघडली की दाणे सुटे पडतात. हलका दाणा बाहेरून विरघळतो आणि आत टणक राहतो. त्याची खिचडी कढईत पडल्यापासून दोन मिनिटांत गोळा होते. कारखान्यात दाणा नीट भाजला गेला नसेल तर असं होतं, मग तूप वाढवा नाहीतर कूट वाढवा, उपयोग नाही. असा साबुदाणा निघाला तर वडे करावेत, तिथे चिकटपणाच कामाला येतो. स्वस्त पाकिटांत दोन्ही प्रकार निघाले, म्हणून एकादशीच्या आदल्या रात्री नवं पाकीट पहिल्यांदा फोडू नये.

गव्हाचं लांबवत नाही. लोकवन आणून गिरणीतून दळलेल्या पिठाच्या पोळीला पाकिटातलं पीठ पोचत नाही, स्वस्तही नाही आणि महागही नाही. पाकीटच घ्यायचं तर दुकानाचं स्वतःचं आणि कंपनीचं यांत फरक पाण्याचा आहे. दळताना स्टार्च जास्त फुटलेलं पीठ पाणी जास्त पितं. पीठ बदललं की वाटीला दोन-तीन चमचे पाणी कमीजास्त करून कणीक वीस मिनिटं मुरू द्यावी. स्वस्त पिठाच्या पोळ्या कडक झाल्या त्या बहुतेक वेळा पाणी कमी पडून.

मसाले हा एकच विभाग जिथे कमी किमतीचं पाकीट महाग पडतं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते. गरम मसाल्याच्या यादीत पहिले धणे आणि दुसरं मीठ असेल तर वेलदोडा, लवंग शेवटी नावाला असणार. असा मसाला दीडपट घालावा लागतो आणि आमटी दाट होते पण वास येत नाही. तिखटात २ टक्क्यांपर्यंत खाद्यतेल चालतं, ते पाकिटावर लिहिलेलं हवं. रंगाला बेडगी, तिखटाला तेजा किंवा लवंगी वेगळी आणून दळलेली बरी. अख्खे मसाले मात्र सुपरमार्केटमधून घ्यायला हरकत नाही, तपासून. जिरं चाळणीवर घेऊन काड्या किती ते बघावं. लवंगेच्या देठाला नखाने दाबल्यावर ओशटपणा लागला पाहिजे. कोरडी, हलकी, पाण्यात आडवी तरंगणारी लवंग म्हणजे तेल काढून घेतलेली.

शेंगदाण्याबाबत एक गंमत. महागड्या सेंद्रिय दुकानातले शेंगदाणे तीनदा खवट निघाले, स्वस्त सुपरमार्केटचे एकदाही नाही. कारण सरळ आहे. जिथे माल आठवड्याला उठतो तिथे तो ताजा असतो, आणि तिप्पट भावाचं पाकीट शेल्फवर महिनोन्‌महिने बसून राहतं. खोबरं, तीळ, जवस, रवा सगळ्याला हे लागू. घाण्याच्या तेलाला मात्र उलटा हिशेब: १ लिटरला साधारण अडीच किलो शेंगदाणे लागतात. शेंगदाणे १४० रुपये किलो धरले तर ३५० रुपयांचा नुसता दाणाच. पेंडीचे पैसे वजा केले तरी २०० रुपये लिटरचं ‘घाण्याचं शुद्ध’ तेल कसं परवडतं ते विकणाऱ्यालाच विचारावं.

थंड कपाटातलं काही घेताना ‘आइस्क्रीम’ आहे की ‘फ्रोझन डेझर्ट’ तेवढं वाचा. दुसऱ्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असतं. मुलांना फरक कळत नाही, किमतीत मात्र दिसायला हवा.

एकदम जास्त भरायचं असेल तर साठवण बघून. रवा, मैदा, बेसन आणल्याबरोबर तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवून, मग खोलीच्या तापमानाला आल्यावरच पाकीट फोडावं. आधी फोडलं तर बाष्प धरून गुठळ्या होतात. डाळीला किलोमागे एक चमचा एरंडेल चोळलं की चार-सहा महिने टोके लागत नाहीत, वापरताना गरम पाण्याने धुवायची. पाकिटाचा तो कोपरा, ज्यावर लॉट क्रमांक आणि पॅकिंगचा महिना असतो, कापून बिलाला टाचून डब्यात टाकावा. डाळ पहिल्यांदा शिजवून बघेपर्यंत तो फेकायचा नाही. काउंटरवर पाकीट बदलून मागताना ‘डाळ शिजत नाही’ यावर कुणी ऐकत नाही, लॉट क्रमांक आणि बिल पुढे केलं की बहुतेक ठिकाणी दुसरं पाकीट देतात. ते देतील तेव्हा त्यावरचा क्रमांकही वाचावा, नाहीतर तीच डाळ परत घरी येते.