दुर्बीण की लघवीतला आरएनए?

वडिलांच्या लघवीतून एकदा रक्त गेलं, दुखलं काहीच नाही. मूत्राशयाच्या कर्करोगासाठीची दुर्बिणीची तपासणी (सिस्टोस्कोपी) टाळून लघवीतल्या आरएनएची (पेशींमधल्या जनुकीय रेणूंची) चाचणी केली तर चालेल का, असं मैत्रिणीने विचारलं.

त्रासाचं म्हणशील तर आरएनए चाचणीच सरस, नुसता लघवीचा नमुना पुरतो. सिस्टोस्कोपीत मूत्रमार्गातून नळी जाते. भूल देणारं जेल लावतात, तरी एक-दोन दिवस जळजळ होते, क्वचित जंतुसंसर्गही.

पण भरवशाचं काय? या चाचणीत प्रथिनं न बनवणारे आरएनए मोजतात; ते, विशेषतः जेमतेम 22 अक्षरांचे (साखळीतल्या 22 घटकांचे) मायक्रोआरएनए, पेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये किंवा प्रथिनांना चिकटून लघवीत टिकून राहतात. कल्पना मला फार आश्वासक वाटते. अडचण मोजमापाची आहे. लघवी कधी दाट, कधी पातळ, आणि तुलनेसाठी सर्वमान्य संदर्भ-आरएनए नाही. त्यात रक्त मिसळलं की तांबड्या पेशींतले मिआर-451सारखे मायक्रोआरएनएही मोजले जातात. तुझ्या वडिलांच्या बाबतीत तर रक्त आहेच!

दुर्बीण गाठ थेट दाखवते, तपासणीसाठी तुकडाही काढता येतो. सपाट, वरवरचा कर्करोग मात्र साध्या प्रकाशात निसटू शकतो, तिथे लघवीतल्या पेशींची तपासणी मदतीला येते.

डोळ्यांना दिसेल असं रक्त गेलं असेल तर दुर्बीणच, मग ते एकदाच का गेलेलं असेना. आरएनए चाचणी संशोधनासाठी नमुना देणाऱ्यांना, किंवा उपचारानंतरच्या देखरेखीत डॉक्टरांनी जोड म्हणून सुचवली तर. तिचा अहवाल निगेटिव्ह आला म्हणून बाबांची दुर्बीण पुढे ढकलू नकोस.