चकमक म्हणून साधं लोखंड गळ्यात मारलं, सेट घेणार असाल तर आधी हे वाचा

पैसे गेले त्याचं एवढं वाटत नाही, पण माझा 12 वर्षांचा भाचा दोन महिने स्वतःला ढ समजत होता त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितोय.

काडेपेटी, लायटर काही न घेता ठिणगी पाडून शेकोटी पेटवायची असं आमचं दोघांचं ठरलं होतं. ऑनलाइन एक सेट दिसला, हाताने घडवलेलं हाय कार्बन पोलाद, अस्सल चकमकीचा दगड आणि तयार चारक्लॉथ, म्हणजे ठिणगी धरणारं कोळसा केलेलं कापड. व्हिडिओत तो माणूस एकदाच घासतो आणि पांढऱ्याशुभ्र ठिणग्यांचा पाऊस पडतो, खालचं सुकं गवत लगेच भडकतं. भाच्याने तो व्हिडिओ इतक्या वेळा बघितला की त्याला पाठ झाला होता. मागवला.

आला तो सेट दिसायला एकदम झकास, काळं वळवलेलं पोलाद, गुळगुळीत दगड, छोट्या डबीत काळं कापड. आणि ठिणगी? एकही नाही. मी मारून बघितलं, त्याने मारून बघितलं, संध्याकाळी अंगणात बसून तासतासभर, त्याच्या बोटांची सालं निघाली तरी सोडेना. विक्रेत्याला मेसेज केला तर पहिलं उत्तर, सर कोटिंग असतं ते घासून काढा. काढलं. मग म्हणे हवा दमट आहे, मग म्हणे कोन चुकतोय, मग म्हणे ही कला आहे सर, आठवडाभर रोज प्रॅक्टिस करा. मला ते पटलं हो, कारण खरंच ही गोष्ट पहिल्या दिवशी कुणालाच जमत नाही, आणि नेमक्या याच गोष्टीवर त्याचा धंदा चालतो, माल खोटा असला तरी माणूस स्वतःलाच दोष देतो. परत करायची मुदत 10 दिवसांची होती, ती प्रॅक्टिस करण्यातच संपली.

त्यानंतर विक्रेत्याने सुचवलं की तुमचं टिंडर, म्हणजे ठिणगी धरणारं सुकं जळण, कमी पडतंय, आमचं प्रीमियम बुरशीचं टिंडर घ्या. जाहिरातीत लिहिलं होतं की आल्प्सच्या बर्फात 1991 मध्ये सापडलेल्या सुमारे 5300 वर्षांपूर्वीच्या माणसाच्या मृतदेहाजवळही हीच बुरशी होती. आता ही माहिती खरी आहे, त्याच्याजवळ ती खरंच सापडली होती, मी शोधून बघितलं आणि माहिती खरी म्हणजे मालही खरा असं धरून चाललो. तेही घेतलं. चूक माझी.

पुढे एक लेथवर काम करणारा मित्र घरी आला, त्याने ते पोलाद हातात घेतलं, कानस फिरवली, कानस कचकच चावली. म्हणाला हे साधं माइल्ड स्टील आहे, याला पाणी पाजलेलंच नाही, म्हणजे तापवून एकदम गार करून कडक केलेलंच नाही. चकमकीत ठिणगी दगडाची नसते, पोलादाची असते. दगडाची धारदार कड पोलादाचा अगदी बारीक कण खरवडते, तो कण तापतो आणि हवेत जळतो, तीच ठिणगी. त्यासाठी पोलादात कार्बन भरपूर हवा आणि त्याला नीट पाणी दिलेलं हवं, अशा पोलादावर कानस चावत नाही, घसरते. आमच्याकडे होतं ते मऊ लोखंड, त्यावर जन्मभर घासलं असतं तरी काही झालं नसतं.

मग तो व्हिडिओ परत बघितला, आणि डोक्यात प्रकाश पडला. खऱ्या चकमकीची ठिणगी बारीक, नारिंगी, उन्हात तर दिसतही नाही. पांढरा पाऊस पडतो तो फेरो रॉडचा, म्हणजे फेरोसेरियमच्या कांडीचा, फेरोसेरियम म्हणजे 1903 मध्ये आउअर फॉन वेल्सबाख यांनी शोधलेला मिश्रधातू, लायटरमध्ये असतो तोच, त्याची ठिणगी 3000 अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि सुका कापूस, भुसभुशीत गवत थेट पेटवू शकते. चकमकीने थेट जाळ होत नाही, आधी निखारा धरावा लागतो. म्हणजे व्हिडिओत दाखवलं एक आणि डबीत घातलं दुसरंच. ते कोटिंग घासायचं बोलणंही फेरो रॉडचंच, त्याच्यावर खरंच काळा थर असतो.

मग सगळंच तपासलं. चारक्लॉथ म्हणजे हवा कोंडून भाजून कोळसा केलेलं सुती कापड, हलक्या हाताने ओढलं तरी फाटतं. आमचं ओढलं तर ताणलं गेलं, पाण्यात टाकलं तर काळा रंग सुटला, निव्वळ रंगवलेली चिंधी. बुरशीच्या तुकड्याला निखारा लावला तर तो आक्रसला आणि केस जळल्यासारखा वास आला, चामडं होतं ते. खरी बुरशी जाळ न धरता हळूहळू धुमसत राहते.

दगड मात्र खरी गारगोटी निघाला, फक्त घासून गोल केलेला. तो गॉगल घालून फोडला, कड मिळाली. दाते झिजलेली जुनी कानस घेतली, शुद्ध सुती कापडाचे तुकडे बारीक भोक पाडलेल्या पत्र्याच्या डबीत घालून विस्तवावर ठेवले, धूर थांबल्यावर उतरवली आणि पूर्ण गार झाल्यावरच उघडली, गरम असताना उघडली तर आतलं कापड पेटतं. शेजारी पाण्याची बादली ठेवून, आजूबाजूचा पाचोळा झाडून भाचा बसला. सातव्या आठव्या फटक्याला कापडावर लाल ठिपका आला, त्याने तो सुक्या गवताच्या घरट्यात ठेवला, फुंकर मारत राहिला, धूर दाट झाला आणि भप्पकन जाळ. तो ओरडला नाही, नुसता माझ्याकडे बघून म्हणाला, मामा म्हणजे मला येत होतं.

तक्रार केली होती, मुदत संपली म्हणून ती बंद करण्यात आली. तोच सेट आता वेगळ्या नावाने विकायला आलाय, व्हिडिओ तोच आहे. घासतो तिथे थांबवून ठिणगीचा रंग बघा.