टाळूच्या सोरायसिससाठी क्लोबेटासोल: औषध गुणी, ट्यूब अबोल

गेली सहा वर्षे माझ्या टाळूवर सोरायसिस आहे आणि त्यातली साडेचार वर्षे मी क्लोबेटासोल प्रोपिओनेट ०.०५ टक्के हे एकच स्टेरॉइड तीन रूपांत वापरले आहे: आधी केसांत सोडायचे पातळ लोशन, मग सॅलिसिलिक आम्ल घातलेले मलम आणि अलीकडे लावून धुऊन टाकायचा शाम्पू. हे औषध अनेक कंपन्या बनवतात. घटक आणि प्रमाण तेच असताना कंपनी बदलल्याने मला काहीही फरक जाणवला नाही, म्हणून नावे न घेता मी रूपांविषयीच लिहितो. मी डॉक्टर नाही, साताऱ्यातल्या एका शाळेत गणित शिकवतो. तेव्हा निदान करून घेतल्याशिवाय हे वाचून कोणी थेट मेडिकलमध्ये जाऊ नये.

निदानाचा मुद्दा आधी येतो, कारण पहिले दीड वर्ष मी या आजाराला कोंडाच समजत होतो. फळा पुसल्यावर खांद्यावर दिसणारी पांढरी भुकटी खडूचीच आहे असे मुलांना वाटत असेल, अशी मी स्वतःची समजूत घालत असे. कोंड्यावरचा केटोकोनॅझोलचा शाम्पू दोनदा आणून संपवला, पण खपल्या होत्या तिथेच राहिल्या. कोंडा बहुधा तेलकट, पिवळसर आणि डोकेभर पसरलेला असतो. माझ्या खपल्या मात्र कोरड्या, जाड, चंदेरी होत्या, त्यांच्या कडा आखून दिल्यासारख्या होत्या आणि त्या केसांची रेषा ओलांडून कपाळावर बोटभर पुढे आल्या होत्या. शेवटी नेहमीच्या सलूनवाल्याने एके दिवशी कात्री थांबवून हळूच विचारले, "सर, हे लागणारं नाही ना? मागं बसलेलं गिऱ्हाईक विचारतंय." सोरायसिस संसर्गजन्य नाही हे त्या दिवशी मला स्वतःलाच ठाऊक नव्हते. दुसऱ्या आठवड्यात मी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो.

डॉक्टर मॅडमनी आधी लोशन दिले. टाळूसाठी लोशन देण्यामागे साधे कारण आहे: क्रीम किंवा मलम केसांनाच चिकटून बसते आणि त्वचेपर्यंत फार थोडे पोहोचते. लोशनच्या बाटलीला निमुळते टोक असते. फणीच्या टोकाने चट्ट्यावर भांग पाडायचा, ते टोक जवळजवळ त्वचेला टेकवून दोन-तीन थेंब सोडायचे, बोटाने अलगद पसरवायचे आणि शेजारी दुसरा भांग पाडायचा. या लोशनमध्ये अल्कोहोल असते, त्यामुळे पहिल्या क्षणी गारवा वाटतो आणि खाजवून सोललेल्या जागी दुसऱ्याच क्षणी मिरची लागावी तशी आग होते. आग मिनिटभरात ओसरते. अल्कोहोलमुळेच ते वाळेपर्यंत ज्वलनशीलही असते. मी ते संध्याकाळी लावत असे आणि आमच्या देवघरातली समई त्याच वेळी लागते, म्हणून मॅडमनी आधी पूजा, मग लोशन असा क्रम लावून दिला.

गुण मात्र डोळ्यांत भरण्यासारखा आला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कंड थांबला, आठवड्याने खपल्यांची जाडी निम्म्यावर आली आणि बाराव्या दिवशी तिथे फक्त फिकट गुलाबी त्वचा उरली. दीड वर्षाने मी पुन्हा गडद निळा शर्ट घालून वर्गावर गेलो. सोरायसिसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा बिथरून त्वचेच्या पेशी भराभर वाढू लागतात. स्टेरॉइड तिथला दाह दाबते, रक्तवाहिन्या आकसवते आणि पेशींची ही घाई मंदावते. मूळ आजार त्याने जात नाही, ही गोष्ट मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितली होती आणि मी ती सोयीस्करपणे विसरलो.

माझी चूक इथे झाली. चिठ्ठीवर दोन आठवडे लिहिले होते आणि मी ते नऊ आठवडे लावले. एक बाटली संपली की रिकामी बाटली दाखवून दुसरी आणायची. मेडिकलवाल्याने एकदाही चिठ्ठी मागितली नाही आणि मलाही ती दाखवावी असे वाटले नाही. लोशन पातळ असल्याने ओघळून कपाळावर येई आणि मी ते तिथेच चोळून टाकी. नवव्या आठवड्यात केसरेषेखालची त्वचा चकाकू लागली, पातळ कागदासारखी दिसू लागली आणि तिच्यातून लालसर बारीक रेघा उमटल्या. घाबरून मी औषध एका रात्रीत बंद केले, तर दहा दिवसांत चट्टे पहिल्यापेक्षा मोठे होऊन परतले. पुढे कपाळ बरेचसे सुधारले, पण डाव्या भुवईच्या वर दोन लाल रेघा आजही उजेडात दिसतात.

दोष माझा होता हे मान्यच आहे. तरीही वापरणारा म्हणून माझी मुख्य तक्रार बाटलीवरच्या मजकुराविषयी आहे. तिच्यावर घटकाचे नाव, टक्केवारी, फक्त बाह्य वापरासाठी असल्याची सूचना आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरण्याचा आदेश होता. हे औषध कुठे लावू नये, एका वेळी किती घ्यावे आणि कधी थांबावे, यांतले काहीच डोळ्यांना दिसेल अशा अक्षरांत नव्हते. क्लोबेटासोलचा सर्वसाधारण दंडक सलग दोन आठवडे आणि आठवड्याला ५० ग्रॅमच्या आत असा आहे; तो मला घडीच्या कागदावर भिंग लावून वाचावा लागला.

त्यात ही टक्केवारी फसवी आहे. गणिताच्या शिक्षकालाही तिने फसवले, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. घरात भाचीच्या इसबासाठी आणलेली हायड्रोकॉर्टिसोनची ट्यूब होती, तिच्यावर १ टक्का लिहिले होते. माझ्या बाटलीवर ०.०५ टक्के. माझे औषध तिच्या विसाव्या हिश्श्याइतके सौम्य आहे, असा हिशेब मी मनाशी केला आणि नऊ आठवडे निर्धास्त राहिलो. प्रत्यक्षात टक्केवारी फक्त औषधाचे प्रमाण सांगते, त्याची ताकद सांगत नाही. हायड्रोकॉर्टिसोन हे सर्वांत सौम्य गटातले, तर क्लोबेटासोल सर्वांत तीव्र गटातले स्टेरॉइड आहे. दोघांच्या ताकदीत काही शे पटींचा फरक मानला जातो. ताकद मोजण्याची रीतही मोठी गमतीची आहे. १९६२ साली मॅकेन्झी आणि स्टॉटन यांनी निरोगी माणसांच्या त्वचेवर स्टेरॉइड लावून, रक्तवाहिन्या आकसल्यामुळे ती जागा किती पांढरी पडते हे पाहण्याची पद्धत मांडली, आणि स्टेरॉइडांची प्रतवारी लावताना आजही या कसोटीचा आधार घेतला जातो. मिरचीच्या पाकिटावरसुद्धा तिखट की कमी तिखट हे छापलेले असते. ट्यूबवर सौम्य, मध्यम, तीव्र, अतितीव्र यांपैकी एक शब्द छापायला कितीशी जागा लागणार आहे?

जागेचा प्रश्नही तसाच. हाताच्या पुढच्या भागातून जितके स्टेरॉइड शरीरात शिरते ते एक मानले, तर टाळूतून ते सुमारे साडेतीन पट, कपाळातून सहा पट आणि अंडकोषाच्या त्वचेतून बेचाळीस पट शिरते, असे फेल्डमन आणि मायबाख यांनी १९६७ साली मोजून दाखवले होते. म्हणजे टाळूसाठी दिलेला थेंब कपाळावर ओघळला की त्याची मात्रा आपोआप वाढते. आता मी लोशन लावण्यापूर्वी केसरेषेवर व्हॅसलिनची जाडसर रेघ ओढतो आणि नंतर साबणाने हात धुतो, कारण तेच बोट झोपेत डोळ्याकडे जाते आणि डोळ्यांभोवती हे औषध दीर्घकाळ लागत राहिले तर काचबिंदूचा धोका असतो.

मलमाची मात्रा मात्र मोजता येते आणि ती मोजायला मॅडमनी माझेच बोट वापरले. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून एक रेघ काढायची. ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसह दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. टाळूशिवाय माझ्या दोन्ही कोपरांवरही चट्टे आहेत; त्यांना मिळून एक रेघसुद्धा जास्त होत होती, आणि मी त्यांना तीन लावत होतो.

सॅलिसिलिक आम्ल घातलेले मलम मला दुसऱ्या टप्प्यात मिळाले. खपली जाड असेल तर कोणतेही स्टेरॉइड तिच्यावरच बसून राहते. सॅलिसिलिक आम्ल ती खपली सैल करते आणि खालच्या त्वचेपर्यंत वाट करून देते. काम ते चोख करते, पण वापरायला अत्यंत गैरसोयीचे आहे. रात्री लावले की सकाळी उशीचा अभ्रा पापड तळलेल्या कागदासारखा दिसतो, आणि केस दोनदा धुतल्याशिवाय ओशटपणा जात नाही. शाळा असलेल्या दिवशी हे जमत नाही. मी ते फक्त शनिवारी रात्री आणि फक्त जाड खपल्यांवर वापरले. बाकी दिवशी आदल्या रात्री कोमट खोबरेल तेल लावून सकाळी हलक्या हाताने विंचरले, तरी बऱ्याच खपल्या सुटतात. नखाने मात्र उचकटू नयेत, कारण जखम झालेल्या जागी सोरायसिस नव्याने उगवतो.

तिन्ही रूपांत मला शाम्पू सर्वाधिक पसंत पडला. तो कोरड्या टाळूवर लावून पंधरा मिनिटे ठेवायचा, मग पाणी घालून फेस करून धुऊन टाकायचा. संपर्क थोडा वेळ असल्याने शरीरात कमी शिरतो, उशी खराब होत नाही, आग होत नाही. याचीही मर्यादा सलग चार आठवड्यांची आहे. गुण लोशनपेक्षा चार-पाच दिवस उशिरा येतो आणि तो लोशनपेक्षा महाग पडतो, एवढेच त्याचे उणे. सवयीने ओल्या केसांवर लावला तर परिणाम अर्धामुर्धाच होतो, हे मी पहिल्या आठवड्यात अनुभवले.

याच औषधाचे चौथे रूप मी स्वतः वापरलेले नाही, पण घरात पाहिले आहे आणि त्याला मी शून्य गुण देईन. माझ्या पुतण्याला पावसाळ्यात जांघेत गजकर्ण झाले. मेडिकलमधून त्याला बुरशीनाशक, जंतुनाशक आणि क्लोबेटासोल असे सगळे एकत्र कालवलेले क्रीम मिळाले. दोन दिवसांत खाज गेली, म्हणून क्रीम उत्तम ठरले. पण स्टेरॉइडने दाह दबला तरी बुरशी दबत नाही; दीड महिन्यात गजकर्णाची ओळखीची गोल कडा पुसली गेली आणि ते मांडीपर्यंत पसरले. डॉक्टरही क्षणभर बुचकळ्यात पडावेत असे ते दिसत होते. शिवाय जांघेत कायमचे पांढरट वळ उठले. चेहरा उजळण्यासाठी मोमेटासोन या दुसऱ्या स्टेरॉइडचे मिश्रण चोळणाऱ्यांची गत याहून निराळी नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री भारतीय पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते असे आढळले. पुढे २०१८ साली केंद्र सरकारने कित्येक स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला आणि त्याच वर्षी ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली. नियम कागदावर आहे. माझ्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या बाटलीचा किस्सा वर आलाच आहे.

याच्या उलट टोकाचा अनुभवही घरातच आहे. भाचीच्या इसबासाठी दिलेले ते १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन माझ्या आईने महिनाभर कपाटातून बाहेरच काढू दिले नाही. "स्टिरॉइड आहे म्हणे. पोरीचं कातडं जाईल," हे तिचे म्हणणे, आणि माझे कपाळ पाहिल्यावर तिला दोष तरी कसा द्यावा? पोर मात्र रात्र रात्र खाजवून रक्त काढत होती. शेवटी बालरोगतज्ज्ञांनी आईला समोर बसवून सांगितल्यावर पाच दिवस पातळसर लावले, वर दिवसातून दोनदा साधे मॉइश्चरायझर, आणि कोपराच्या आतल्या चिरा भरून आल्या. १९५२ साली सुल्झबर्गर आणि विटन यांनी इसबावर हायड्रोकॉर्टिसोनचे मलम वापरून गुण येतो हे दाखवले, तेव्हापासून हे औषध वापरात आहे. योग्य ताकदीचे, योग्य जागी आणि ठरावीक दिवस लावले, तर त्याला एवढे भिण्याचे कारण नाही.

माझी सध्याची पद्धत अशी: उसळी आली की मॅडमना दाखवून दोन आठवडे शाम्पू, मग फक्त शनिवार-रविवार लोशन, आणि मधल्या दिवशी स्टेरॉइड नसलेले कॅल्सिपोट्रिऑल. कॅल्सिपोट्रिऑल सॅलिसिलिक आम्लासोबत लावले तर निकामी होते, म्हणून ते मलम आता बंदच आहे. नवी बाटली आणली की तिच्यावर मी मार्करने दोन तारखा लिहितो, सुरू केल्याची आणि थांबण्याची. खर्चाच्या दृष्टीने पाहता क्लोबेटासोलचे साधे क्रीम जनऔषधी केंद्रात बरेच स्वस्त मिळते आणि कोपरांसाठी मी तेच वापरतो. शाम्पू तिथे मला मिळालेला नाही.

टाळू गेले सात महिने जवळजवळ स्वच्छ आहे. उजव्या कानामागचा एक रुपयाएवढा चट्टा मात्र तिन्ही रूपांना पुरून उरला; तिथली त्वचा पातळ असल्याने मॅडमनी क्लोबेटासोल थांबवून टॅक्रोलिमस या स्टेरॉइड नसलेल्या औषधाचे मलम सुरू केले आहे, आणि त्याला आज अकरावा दिवस आहे.