तन्मणी गाठवायला दिला आणि मोती बदलले

सासूबाईंकडून माझ्याकडे आलेला तन्मणी, म्हणजे मोत्यांच्या सरांचा गळ्यातला दागिना, मूळचा आजेसासूबाईंचा. त्याच्या खोडात, म्हणजे मधल्या जडावाच्या पदकात, माणके आणि पाचू आहेत, परंतु खरे मोल सरांतल्या बसरा मोत्यांचे, म्हणजे इराणच्या आखातातून येणाऱ्या नैसर्गिक मोत्यांचे होते. रेशीम कुजल्यामुळे तो गाठवून, म्हणजे नव्याने ओवून घेणे भागच होते, म्हणून एका नावाजलेल्या पेढीवर दिला. पावतीवर खोडाचे वजन मिलिग्रॅमपर्यंत नोंदवले गेले. मोत्यांपुढे मात्र ‘मोती, सर ५’ एवढेच लिहिले होते. फसवणुकीला वाव मिळाला तो या तीन शब्दांत.

तन्मणी परत आला तेव्हा प्रथम खटकले ते मोत्यांचे सारखेपण. जुन्या सरांत एक मोती दुसऱ्यासारखा नव्हता. खोडालगत तर एक चपटा, सायीच्या रंगाचा मोती होता आणि त्याच्या अंगावर टाचणीच्या टोकाएवढी खळी होती. तो कुठेच दिसेना. विचारल्यावर, “काकू, वर्षानुवर्षांचं तेल आणि घाम निघाला की मोती असेच उजळतात,” असे सांगून दुकानदाराने एक मोती दाताच्या कडेवर घासून दाखवला आणि खरखरीत लागतो म्हणजे अस्सलच, असा निर्वाळा दिला. धुतल्याने मोती थोडाफार उजळेलही, पण चपट्याचा गोल होत नाही. शिवाय घरोघरी प्रमाण मानली जाणारी ही दाताची परीक्षा काचेचे किंवा प्लास्टिकचे मोती तेवढे उघडे पाडते. संवर्धित, म्हणजे शिंपले पाळून मुद्दाम तयार करवलेल्या, मोत्यावरही शिंपल्यातल्या जिवानेच थर चढवलेले असल्याने तोही खरखरीतच लागतो. मोत्यांच्या व्यापाऱ्याला हे ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास नाही. हॉलमार्कचाही येथे उपयोग नव्हता, कारण तो सोन्याचांदीच्या शुद्धतेपुरता असतो आणि सोन्याला कोणी हात लावलेलाच नव्हता.

अखेर रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत क्ष-किरण तपासणी करून घेतली. मोत्याच्या पोटातली रचना त्यातच दिसते. सगळे मोती गोड्या पाण्यातले, संवर्धित निघाले; आखातातले मोती खाऱ्या पाण्यातले असतात.

ज्यांच्याकडे असे दागिने असतील त्यांनी गाठवायला देण्यापूर्वी प्रत्येक सराचे मोजपट्टीशेजारी ठेवून जवळून फोटो काढावेत आणि मोत्यांची संख्या, खोडाशिवाय सरांचे वजन, तसेच ओळखू येणारी व्यंगे पावतीवर लिहून त्याखाली सही घ्यावी. पटवेकरी, म्हणजे दागिने गाठवणारा कारागीर, घरी येऊन डोळ्यांदेखत गाठवून देत असेल तर उत्तमच. मोती धुऊन चकचकीत करून देण्याची तयारी कोणी आपणहून दाखवली, तर विशेष सावध राहावे; मोत्याला आम्ल सोसत नाही, वापरानंतर मऊ कापडाने पुसणे त्याला पुरते, आणि बदललेल्या मोत्यांना ‘धुतल्यामुळे वेगळे दिसतात’ ही सबब आयतीच मिळते.

आमची तक्रार आता ग्राहक आयोगापुढे आहे. सासूबाईंच्या लग्नातल्या फोटोत तन्मणी दिसतो, पण त्यात ती खळी दिसत नाही. पेढीने आजवर देऊ केले आहेत ते गाठवण्याच्या मजुरीचे पैसे.