खिळ्यांनी घोळ घातला, चांदीने लाज राखली: धातूंच्या प्रयोगपेटीबद्दल

शाळेच्या प्रयोगशाळेत सहाय्यक म्हणून सव्वीस वर्षं काढली. द्रावणं करून ठेवायची, परीक्षानळ्या धुवायच्या, फुटलेलं झाडून घ्यायचं. त्यामुळे भाचीसाठी 'धातूंची क्रियाशीलता आणि निष्कर्षण' (निष्कर्षण म्हणजे खनिजातून धातू काढणं) असं लिहिलेली पेटी मागवली तेव्हा तिच्याआधी मीच ती उचकून बसले. मोरचुदाचे, म्हणजे कॉपर सल्फेटचे, खडे छान निळे होते, जस्ताचे दाणे स्वच्छ, सिल्व्हर नायट्रेट नीट तपकिरी बाटलीत. खिळ्यांची पुडी मात्र उघडलीच नाही. खिळ्यांत काय पाहायचं? तिथेच फसले.

पहिलाच प्रयोग लोखंड आणि मोरचुदाचा. पुस्तिका म्हणते, खिळ्यावर लालसर तांबं चढेल आणि निळं द्रावण फिकट हिरवं होईल. आमच्या नळीत खिळ्याला काळपट, भुसभुशीत बुरा धरला. हिरवटपणाचा पत्ता नाही. भाची म्हणाली, "मावशी, माझं काय चुकलं?" मी पुडीतला दुसरा खिळा उजेडात धरला तर करडा, चंदेरी चकाकणारा. जस्ताचा मुलामा! म्हणजे इतका वेळ आम्ही लोखंडाचा नव्हे, जस्ताचाच प्रयोग करत होतो. खात्रीसाठी एक खिळा व्हिनेगरमध्ये टाकला. मुलाम्याच्या खिळ्यावर थोड्याच वेळात बारीक बुडबुडे धरतात, साध्या खिळ्यावर तेवढ्या वेळात काही दिसत नाही. हत्यारांच्या डब्यातला जुना खिळा पॉलिश पेपरने घासून घेतला, आणि मग पुस्तिकेत लिहिल्यासारखं झालं.

पेटीत कच्चा माल चुकीचा येतो तेव्हा पोर स्वतःला चुकीचं समजतं, हा माझा मुख्य राग. आणि हे फक्त खिळ्यांपुरतं नाही.

ॲल्युमिनिअमच्या पानावर छापलंय की फॉइलचा तुकडा मोरचुदाच्या द्रावणात टाकताच अभिक्रिया सुरू होते. क्रियाशीलतेची श्रेणी पाहिली (तिच्यातला वरचा धातू खालच्याला त्याच्या क्षारातून हुसकतो) तर खरंच व्हायला हवी, ॲल्युमिनिअम तांब्याच्या कितीतरी वर बसतं. आम्ही पाऊण तास बसलो. फॉइल तरंगतंय, चकाकतंय, ढिम्म. ॲल्युमिनिअमवर त्याच्याच ऑक्साइडची पातळ, घट्ट कातडी असते आणि ती आतल्या धातूला काही करू देत नाही. मग मी चिमूटभर मीठ टाकलं. मिठातलं क्लोराइड त्या कातडीला भोकं पाडतं. काही मिनिटांत फॉइल फसफसलं, त्याची चाळणी झाली, तांबूस कपचे तळाला बसले आणि चंचुपात्र हाताला चांगलंच गरम लागलं. सगळ्या पेटीतला सगळ्यात शिकवणारा प्रयोग हा, आणि पुस्तिकेला त्याची गंधवार्ता नाही.

मॅग्नेशिअमची फीत करडी पडलेली होती, घासल्यावर चालली. त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

सिल्व्हर नायट्रेटसाठी मात्र पेटीचं कौतुक करायला हवं. तांब्याच्या तारेचा वेटोळा बिनरंगी द्रावणात सोडायचा आणि नळी हलवायची नाही. आधी तार काळवंडते, मग तिच्यावर केसासारखी लव उगवते, आणि तासाभरात चांदीच्या सुया झुडपासारख्या पसरतात. खालचं पाणी हळूहळू निळसर होतं, कारण जेवढी चांदी बाहेर आली त्या हिशेबात तांबं आत गेलेलं असतं. भाची भिंग घेऊन बसली ती जेवायला उठेना. हातमोजे मात्र घालाच. मी 'एक थेंबच तर आहे' म्हणून घातले नाहीत, आणि बोटावरचा काळा डाग आठवडाभर मिरवला. सव्वीस वर्षांच्या अनुभवाचं हे फळ.

आता निष्कर्षणाचा भाग. इथे पेटी लंगडते. कॉपर कार्बोनेटची हिरवी पूड तापवून काळी करायची, हे निस्तापन स्पिरिटच्या दिव्यावर सहज होतं. पुढे ती काळी पूड, म्हणजे कॉपर ऑक्साइड, कोळशाच्या भुकटीत मिसळून त्याच दिव्यावर तापवायची आणि तांबं मिळवायचं. अर्धा तास तापवली, काळ्याचं काळंच. त्या दिव्याची आच पुरत नाही. शेवटी मी भाचीला लांब बसवून गॅसच्या बर्नरवर नळी धरली, तेव्हा मिश्रण आतून लाल फुललं. नळी तशीच निवू दिली, कारण गरम पूड घाईने बाहेर ओतली तर तांबं हवेत पुन्हा काळं पडतं. मग पाणी घालून घुसळलं. कोळसा पाण्याबरोबर ओतून जातो आणि तळाशी लालसर कण उरतात. चिमूटभरच, पण दगडासारख्या हिरव्या पुडीतून धातू काढला हे तिला हातात घेता आलं.

विद्युत अपघटनाच्या प्रयोगात दोन ग्राफाइटच्या कांड्या आणि 9 व्होल्टची बॅटरी आहे. ऋण कांडीवर तांबं चढतं, छान चढतं. खाली एक ओळ आहे: 'ॲल्युमिनिअमसुद्धा असेच मिळवतात.' नाही हो! ॲल्युमिनिअमच्या क्षाराच्या पाण्यातून वीज सोडली तर ऋण बाजूला हायड्रोजन निघतो, ॲल्युमिनिअम नाही. म्हणून पाणी टाळून वितळलेल्या पदार्थातूनच वीज सोडावी लागते. नुसतं ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनिअमचं ऑक्साइड, वितळायला 2000 अंश सेल्सिअसच्या वर जावं लागतं, ते क्रायोलाइट नावाच्या खनिजाच्या रसात विरघळवलं की साधारण 950 अंशांवर काम भागतं. ही युक्ती 1886 मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांना वेगवेगळी सुचली. दोघांचा जन्म 1863 चा, मृत्यूही 1914 चाच. एवढं करूनही एका किलोला साधारण 13 ते 15 युनिट वीज लागते. यातलं काहीच पुस्तिकेत नाही.

सगळ्यात खटकला तो भिंतीवर लावायचा तक्ता. रंग सुरेख, कागद जाड, पोटॅशिअमपासून सोन्यापर्यंत सगळे धातू ओळीत. कार्बन आणि हायड्रोजन गायब! कार्बनची जागा कळल्याशिवाय कोणता धातू कोळशाला बधेल आणि कोणाला वीजच लागेल हे कसं कळणार? मी पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या. पहिली कार्बनची, ॲल्युमिनिअम आणि जस्ताच्या मध्ये, दुसरी हायड्रोजनची, शिसं आणि तांब्याच्या मध्ये. जस्ताशेजारी टीपही लिहिली, कारण कोळसा त्याला मोकळं करतो तेव्हा ते वाफ होऊन निघतं. जस्त 907 अंशांलाच उकळतं आणि ती वाफ हवेत जळून पुन्हा ऑक्साइड होते. राजस्थानात जावरला जुन्या कारागिरांनी मुशी उलट्या बसवून वाफ खाली उतरवून थंड केली, ती याचसाठी.

उरलेलं मोरचूद कुठे टाकायचं, यावरही पुस्तिका गप्प. मोरीत ओतू नका. त्यात लोखंडी चोथा टाकून निळेपणा जाईपर्यंत ठेवा, तांबं बाहेर येतं. चोथा लोखंडाचाच हवा, भांडी घासायचा स्टेनलेसचा चालत नाही.

खिळ्यांबद्दल विक्रेत्याला फोटोसकट लिहिलं. उत्तर आलं, की आमचे खिळे गंजत नाहीत, उत्तम दर्जाचे आहेत. मी कळवलं की तक्रार नेमकी तीच आहे. मग बदलून देतो म्हणाले. परवा नवी पुडी आली. भाचीने मला विचारलंही नाही, एक खिळा काढून थेट व्हिनेगरमध्ये टाकला.

बुडबुडे आले.