डबा कुणी खाल्ला, हे ज्या गेमच्या लक्षात राहतं

जत्रेतल्या एका टेबलावर कुणा म्हाताऱ्याचा डबा ठेवलेला असतो. दिसेल ते उचलायचं, ही सवय आरपीजींनीच (म्हणजे एखादं पात्र बनून खेळायच्या गेम्सनी) आपल्याला लावलेली, त्यामुळे हात शिवशिवतोच. तुम्ही डबा खाता, जरा तब्येत सुधारते, पुढे जाता. बऱ्याच वेळाने राजकन्येला पळवल्याच्या आरोपाखाली तुम्हाला कोर्टात उभं करतात आणि तोच म्हातारा साक्षीला येतो : यानेच माझा डबा खाल्ला. 'क्रोनो ट्रिगर', १९९५. त्याच जत्रेत एक मुलगी धडकून पडली होती. तुम्ही आधी तिची विचारपूस केलीत की तिचं पडलेलं पदक उचललंत, हेही कोर्टात निघतं. हरवलेली मांजर तिच्या घरी पोचवली असेल, तर तेही निघतं.

गंमत म्हणजे निकाल काहीही लागो, रवानगी तुरुंगातच होते. हिशोबाने बघितलं तर त्या डब्याने कथेत काडीचा फरक पडत नाही. पण त्या कोर्टानंतर टेबलावरची वस्तू उचलताना माणूस आजूबाजूला बघायला लागतो. आरपीजीकडून मला हेच हवं असतं. नकाशा केवढा, तलवारी किती, शेवट किती, हे माझ्या धाकट्या भावाला विचारा. त्याचा पहिला प्रश्न नेहमी 'लूट कशी आहे?' हा असतो. मी बघते ते एकच : मी केलेलं या गेमच्या लक्षात राहतं का?

'अल्टिमा ४' मध्ये (१९८५, कर्ता रिचर्ड गॅरियट) जडीबुटी विकणारी आंधळी असते आणि किती पैसे दिले ते तुम्हीच सांगायचं असतं. कमी दिलेत तर ती काही बोलत नाही. मात्र तुमचा प्रामाणिकपणा आतल्या आत घसरतो, आणि त्या गेममध्ये शेवटी मारायला कुणी खलनायकच नाही. आठ सद्गुण अंगी बाणवणं हाच पराक्रम. इतक्या जुन्या गेमला हे सुचलं होतं. त्यानंतर २०११ मध्ये 'स्कायरिम' आला आणि त्यात तुम्ही चार-दोन मंत्र फेकून जादूच्या विद्यापीठाचे सर्वेसर्वा होऊ शकता. सोबत योद्ध्यांचे म्होरके, चोरांचे सरदार आणि मारेकऱ्यांचे मुखियाही. एकाच्या कारभाराचा दुसऱ्याला पत्ता नसतो. डोंगर सुंदर, बर्फ सुंदर, संगीत तर फारच. पण त्या जगाला तुम्ही आहात काय आणि नाही काय. भाऊ म्हणतो, हीच तर मजा आहे. असेल.

'द विचर ३' (२०१५) बद्दल माझं मत दोन तुकड्यांत आहे आणि ते तुकडे जुळवायची मला घाई नाही. पहिला तुकडा म्हणजे वेलन प्रांताचा बॅरन. दारुडा, बायकोला मारणारा, आणि तिचा गर्भ पडल्यावर ज्याने ते अर्भक नीट संस्कार न करता पुरलं तो बाप. त्या अर्भकाचं पिशाच होतं. एक तर तुम्ही ते मारा, नाहीतर बॅरनला सांगा की त्याला उचल. दुसरी वाट धरलीत तर हा आडदांड माणूस त्या विद्रूप, चावऱ्या जिवाला हातांत धरून रात्री गढीच्या दाराकडे चालत निघतो, मधूनच ते पिसाळतं, तुम्ही त्याला शांत करता, आणि मग उंबऱ्याखाली पुरताना बाप त्याला नाव देतो. त्या माणसाची कीव करायची की त्याला लाथ घालायची, हे गेम सांगत नाही. शिवाय इथल्या निर्णयांची फळं इतक्या उशिरा समोर येतात की जुनं सेव्ह (आधी साठवून ठेवलेला खेळ) उघडून झालेलं पुसायचं म्हटलं तरी उपयोग नसतो. हे जाणूनबुजून केलेलं आहे आणि त्यासाठी गेम करणाऱ्यांना पूर्ण गुण.

दुसरा तुकडा : विचरची, म्हणजे नायक गेराल्टची, इंद्रियं. बटण दाबून धरलं की पावलांचे ठसे, रक्ताचे डाग, तुटलेली फांदी, सगळं लाल चमकायला लागतं. तपास गेराल्ट करणार, निष्कर्ष तोच बोलून दाखवणार, आणि आपण त्याच्या मागून लाल ठिपके टिपत जायचं. इतक्या चांगल्या कथा आणि खेळणाऱ्यावर इतका अविश्वास! स्केलिगे बेटांच्या समुद्रात नकाशावर पसरलेल्या प्रश्नचिन्हांबद्दल तर बोलायलाच नको. होडी थांबवा, बुडी मारा, पेटी उघडा, पुन्हा होडीत चढा. कोणाच्या आनंदासाठी ठेवलंय ते सगळं?

माझ्या यादीत सगळ्यात वर 'डिस्को इलिझियम' आहे (२०१९). नायक पोलीस आहे, भयंकर प्यायलेला, स्वतःचं नावसुद्धा विसरलेला. खोलीतल्या पंख्याला त्याचा टाय अडकलाय. तो काढायला गेलात आणि प्रकृतीकडे तुम्ही सुरुवातीलाच दुर्लक्ष केलेलं असलं, तर हृदयविकाराचा झटका येऊन गेम तिथेच संपू शकतो. पुढे बंदरावर युनियनच्या पुढाऱ्याकडे, एव्हरार्ट क्लेअरकडे जावं लागतं. त्याच्या समोरची खुर्ची मुद्दाम इतकी छळणारी ठेवलीय की तिच्यात बसूनही जीव जाऊ शकतो. एका खुर्चीने मारलेला मी हा पहिलाच गेम-नायक पाहिला. आणि ते नुसतं विनोदापुरतं नाही. समोरचा माणूस हसतमुखाने तुमची सत्ता कशी काढून घेतो, ते त्या खुर्चीत बसल्याशिवाय कळत नाही.

या गेममध्ये लढाई अशी नाहीच. चोवीस कौशल्यं आहेत आणि ती तुमच्या डोक्यात बोलतात, एकमेकांना आडवी जातात, थापाही मारतात. ज्ञानकोशी कौशल्य ऐन मोक्याच्या क्षणी निरुपयोगी माहिती सांगत बसतं. व्यसनाचं कौशल्य कानाशी लागून गळ घालतं. प्रत्येक अवघड कृतीसाठी दोन फासे पडतात. पण मला भावली ती फाशांच्या शेजारची छोटी यादी. पर्यायावर कर्सर नेला की यश मिळण्याची टक्केवारी दिसते आणि खाली बेरीज-वजाबाकी : अमुक गोष्ट शोधून काढलीत म्हणून अधिक एक, तमुक माणसासमोर शोभा करून घेतलीत म्हणून उणे एक. तुम्ही कधीच विसरून गेलेलं एखादं वाक्य तिथे नोंदलेलं सापडतं. डब्याची साक्ष ती हीच, फक्त इथे कोर्ट रोज भरतं.

आणि किम कित्सुरागी. सोबतचा अधिकारी, नीटनेटका, वही-पेनवाला. तो तुम्हाला क्वचितच टोकतो. तुम्ही वेडेपणा केलात की जरा थांबतो, चष्मा सारखा करतो आणि कामाचं बोलायला लागतो. पुढच्या वेळी वेडेपणाचा पर्याय निवडताना मी त्याच्याकडे बघून घेते, एवढ्यातच त्या पात्राचं यश आलं. कुठल्याही गेममधल्या 'चांगुलपणाच्या पट्टीने' मला इतकं शहाणं वागायला लावलेलं नाही.

उणिवा आहेत. पहिले काही तास शब्दांचा मारा असह्य होतो. कल्पित देशांच्या, क्रांत्यांच्या, पक्षांच्या नावांनी डोकं गरगरतं. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावाधाव फार. खुनी ज्या तऱ्हेने समोर येतो ते रहस्यकथांच्या पक्क्या वाचकाला पटणार नाही. मला पटलं, कारण तोवर खून हा विषयच मागे पडलेला असतो. २०२१ च्या आवृत्तीत सगळ्या संवादांना आवाज दिलाय; लेनव्हल ब्राउन यांच्या खर्जातल्या आवाजात ती डोक्यातली कौशल्यं ऐकली की नुसतं वाचलेलं फिकं वाटतं. घ्यायची तर तीच घ्या.

'प्लेनस्केप : टॉर्मेंट' (१९९९) हा त्याचा पूर्वज. मरता न येणारा, आठवण पुसलेला नायक शवागारात जागा होतो, आणि मागच्या जन्मांत आपणच करून ठेवलेल्या पापांची ओळख त्याला होत जाते. इथे गेम तुम्ही खेळायला बसण्याच्या आधीचंही विसरलेला नाही! शेवटचा पेच बोलून सोडवता येतो, तलवार न उचलता. मात्र लढाया कंटाळवाण्या आणि उत्तरार्धात त्यांचीच गर्दी. शहाणपण आणि बुद्धी यांच्यात गुण भरा, ताकदीच्या वाटेला जाऊ नका.

'बाल्डर्स गेट ३' ला (२०२३) सगळ्यांनी डोक्यावर घेतलं आणि बव्हंशी बरोबरच केलं. रस्त्यात मेलेल्या मालकाजवळ एक कुत्रा बसलेला असतो. त्याला हात हुंगू दिलात, जबरदस्ती केली नाहीत, तर तो नंतर आपणहून तुमच्या तळावर येतो. वीस बाजूंचा फासा तोंडावर आपटला तरी गोष्ट बंद पडत नाही, वाकडी वळते. ती वाकडी गोष्टच पुष्कळदा जास्त चांगली असते, म्हणून फासा पडला की लगेच सेव्ह लोड करणाऱ्यांना मी हात जोडते. पण तिसऱ्या अंकातलं शहर म्हणजे कामांचा ढीग आहे. आठ जण आठ बाजूंनी ओढतात आणि कथेची पकड सुटते. सामानाच्या पोतडीबद्दल मी बोलणार नाही, नाहीतर लेख तिथेच संपेल. आणि तळावर ओळख होते न होते तोच जो तो गळ्यात पडायला तयार. बाबांनो, आपण परवा भेटलो!

आता अ‍ॅडव्हेंचर, म्हणजे कोडी सोडवत गोष्ट पुढे नेणारे गेम. इथे माझी अपेक्षा उलटी आहे : लक्ष गेमने नाही, मी द्यायचं, आणि दिलेल्या लक्षाचं चीज व्हायला हवं. जुन्या काळातला या प्रकाराचा मोठा भाग या परीक्षेत सपशेल नापास होतो. 'किंग्ज क्वेस्ट ५' (१९९०) मध्ये भूक लागल्यावर चुकून जवळचा 'पाय' (pie, गोड सारणाचा पदार्थ) खाल्लात तर गेला गेम कामातून, कारण तो पुढे हिममानवाच्या तोंडावर फेकायचा असतो, आणि हे तुम्हाला कुणी सांगत नाही. 'गॅब्रिएल नाइट ३' ची (१९९९) मिशी तर अजरामर आहे. मोटारसायकल भाड्याने घेण्यासाठी मित्राचं सोंग घ्यायचं. त्यासाठी चिकटपट्टीवर मांजराचे केस मिळवायचे आणि पाकाने चिकटवून मिशी करायची. मित्राला मिशी नसते! म्हणून त्याच्या पासपोर्टवरच्या फोटोला पेनाने मिशी काढायची. इथे कितीही लक्ष दिलंत तरी उपयोग नाही. कोडं करणाऱ्याच्या डोक्यात त्या दिवशी काय शिरलं होतं, ते ओळखायचं.

'मंकी आयलंड' (१९९०) त्याच काळातला, पण त्याचा कर्ता रॉन गिल्बर्ट याला हा रोग माहीत होता. तलवारबाजी तिथे टोमण्यांची असते. रस्त्यावरच्या चाच्यांशी भांडून तुम्ही टोमणे आणि त्यांची उत्तरं गोळा करता. मग तलवारबाजीतली उस्ताद समोर येते आणि टोमणे नवेच काढते. पाठ केलेलं वाया गेलं असं वाटेपर्यंत लक्षात येतं, की जुनीच उत्तरं नव्या टोमण्यांना चपखल बसतायत. फक्त ती समजून वापरायची.

'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' (२०१८) लुकास पोप या एका माणसाने केलाय. १८०७ साल, ईस्ट इंडिया कंपनीचं रिकामं परत आलेलं जहाज, साठ माणसं, आणि तुम्ही विम्याच्या तपासणीला आलेले. घड्याळ उघडलं की मृत्यूचा क्षण गोठून उभा राहतो. चित्र दोनच रंगांत. कोण, कसा मेला, कोणी मारला, हे लिहायचं, आणि तीन जणांचं बरोबर आलं तरच गेम पक्कं करतो, म्हणजे ठोकताळे फार चालत नाहीत. झोपायच्या एका झोळीवरचा क्रमांक, कुणाचे बूट, बोलण्याचा हेल. खलाशांत भारतीयही आहेत, आणि त्यांना ओळखायला फक्त चेहरा पुरत नाही. झोळ्यांचे क्रमांक आणि खलाशांची यादी यांचा संबंध ज्या क्षणी लागतो, त्या क्षणाच्या बदल्यात मी दहा बॉस-फाइट (बड्या शत्रूंशी लढती) देईन. खटकतं ते एवढंच की पहिल्यांदा एखाद्या आठवणीत गेलं की गेम स्वतःच्या तालाने पुढे ढकलतो. मला अजून बघायचं असतं.

आणि 'आउटर वाइल्ड्स' (२०१९). अ‍ॅलेक्स बीचमच्या विद्यापीठातल्या प्रबंधातून उगवलेला. छोटी सूर्यमाला, बावीस मिनिटं, मग सूर्य फुटतो आणि तुम्ही शेकोटीजवळ पुन्हा जागे. ना लेव्हल, ना शस्त्र, ना नवं सामान. शेवटच्या ठिकाणी पहिल्या फेरीतही पोचता येतं, फक्त कसं ते माहीत नसतं. वाढतं ते तुम्हाला कळलेलं. एका जुळ्या ग्रहावरची वाळू दुसऱ्यावर ओतली जात राहते, म्हणून तीच गुहा सुरुवातीला उघडी आणि उशीर केलात तर गाडलेली. एक पोकळ ग्रह डोळ्यांदेखत ढासळत असतो आणि त्याच्या पोटात कृष्णविवर आहे. मी त्यात पडले तेव्हा संपलं असंच वाटलं. दुसरीकडून बाहेर फेकले गेले आणि मागे वळून बघितलं तर त्या ग्रहाचे तुकडे एकेक करत माझ्या मागून येत होते. काटेरी धुक्यातल्या राक्षसी माशांना कसं चुकवायचं, ते दुसऱ्याच ग्रहावर कुणाच्या तरी खेळाच्या नियमांत लिहून ठेवलंय. वाचलं असेल तर तराल.

यान चालवणं सुरुवातीला वैताग आणतं, आणि शेवटाकडे एकाच जागी परत परत जाताना बावीस मिनिटं पुरत नाहीत, हे खरं. भावाने अर्ध्यात सोडला. लूट नाही म्हणाला. तुम्ही खेळणार असाल तर व्हिडिओ बघू नका, मित्राला विचारू नका, हा लेखसुद्धा जरुरीपेक्षा जास्तच बोललाय. हा आणि 'ओब्रा डिन' दुसऱ्यांदा खेळता येत नाहीत, खेळून झालेलं विसरता येत नाही म्हणून. तेव्हा थकून आलेल्या रात्री झोपेच्या तोंडावर सुरू करू नका. त्या वेळेसाठी 'मंकी आयलंड' आहे.